स्वच्छ इंधन आणि शहरांच्या हवेवर काम करणारे तज्ज्ञ दिवसभर नेमकं काय करतात?

तुम्ही लिहिलंय की रसायनशास्त्रात एम.एस्सी. चालू आहे आणि या क्षेत्रातली माणसं नवं इंधन शोधतात की सरकारसाठी अहवाल लिहितात, ते कळत नाही. मी बरीच वर्षं वाहनांच्या उत्सर्जन चाचणीच्या प्रयोगशाळेत काढली, नंतर धोरणाच्या बाजूला आले. नवं इंधन शोधणारे थोडेच. बाकी आम्ही सगळे एकाच प्रश्नामागे असतो: घाण इथून गेली खरी, पण गेली कुठे?

आधी प्रयोगशाळा. गाडी आदल्या संध्याकाळपासून ठरावीक तापमानाच्या खोलीत बंद उभी असते. सकाळी ती चालू न करता ढकलत रोलरवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवणाऱ्या फिरत्या रुळांवर, न्यायची, कारण पहिला स्टार्टच मोजायचा असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी घातक करणारा डबा, 250-300 अंश सेल्सिअसपर्यंत तापत नाही तोवर तो जवळजवळ शोभेचाच. पेट्रोल गाडी अख्ख्या चाचणीत जे हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्यातला मोठा वाटा पहिल्या एक-दोन मिनिटांतच बाहेर पडतो. कणांसाठी धूर हवेत मिसळून सौम्य करतात आणि 47 मिलिमीटरच्या गोल फिल्टरमधून ओढतात. हा फिल्टर चाचणीच्या आधी आणि नंतर मायक्रोग्रॅमपर्यंत तोलायचा. जुन्या डिझेल गाडीचा काळाकुट्ट निघतो. धुरातले कण अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर ज्या गाडीलाच बसवलेला असतो, तिचा पांढराच्या पांढरा राहतो, आणि वजनातला फरक इतका किरकोळ असतो की चिमट्याऐवजी बोट लागलं तर बोटाचं तेलच त्याहून जड भरावं. पहिल्याच आठवड्यात माझं लागलं होतं. मग काय, गाडी रात्रभर थंड करण्यापासून सगळं पुन्हा.

यात शहराचं धोरण कुठे आलं? शहरातल्या फेऱ्या लहान असतात. दोन किलोमीटरच्या फेरीत कन्व्हर्टर तापतो न तापतो तोच गाडी बंद होते. म्हणजे इंधन कितीही सुधारा, त्या फेरीतली घाण इंधनाने फारशी कमी होत नाही. ती फेरी पायी किंवा सायकलवर व्हावी लागते, आणि त्यासाठी फुटपाथ लागतो. रस्ते आखणाऱ्यांच्या बैठकीला मी पहिल्या दोन मिनिटांचा आलेख घेऊन जाते. भाषणापेक्षा तो लवकर पटतो.

आता 'गेली कुठे' याचा धडा. टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने इंजिनाचं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी खटखट) थांबतं हे अमेरिकन अभियंते थॉमस मिजली यांनी 1921 मध्ये शोधलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही ठाऊक होतं, तरी ते जगभरच्या पेट्रोलमध्ये गेलं. अमेरिकेत ते हटायला लागलं त्यामागे आरोग्य होतंच, पण एक अगदी यांत्रिक कारणही होतं. 1975 च्या मॉडेलपासून गाड्यांना कन्व्हर्टर आले, आणि शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. गाड्यांसाठीचं शिसेयुक्त पेट्रोल सगळ्यात शेवटी बंद झालं ते अल्जीरियात, 2021 साली. म्हणजे मोजून शंभर वर्षं!

शिसं काढल्यावर ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळण्याची पेट्रोलची क्षमता, कशाने टिकवायचा? अमेरिकेत एमटीबीई हे रसायन पेट्रोलमध्ये मिसळलं. त्यात ऑक्सिजन असल्याने कार्बन मोनॉक्साइडही घटतो, म्हणून हवेवाले खूश. पण ते पाण्यात सहज मिसळतं आणि लवकर विघटित होत नाही. पेट्रोल पंपांच्या गळक्या भूमिगत टाक्यांमधून ते भूजलात उतरलं आणि 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. कॅलिफोर्नियाने पुढे त्यावर बंदीच घातली. तेव्हापासून कुठलंही नवं मिश्रण समोर आलं की, हे सांडलं तर काय होईल, हा माझा पहिला प्रश्न असतो.

गंधकाची गोष्ट थोडक्यात. डिझेलमधलं गंधक 10 पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भाग) आसपास आणल्याशिवाय आधुनिक धूरशुद्धी यंत्रणा टिकत नाही. त्यामुळे रिफायनरी आणि गाडी या दोघांचे नियम एकत्रच बदलावे लागतात. एक पुढे आणि एक मागे राहिला की दोन्हीकडचा पैसा पाण्यात.

मोजमापावरही आंधळा विश्वास नको. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या चमूने गाडीच्या डिकीत मोजणीची यंत्रं ठेवून फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या रस्त्यावर पळवल्या. रोलरवर पास होणाऱ्या एका गाडीतून नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 15 ते 35 पट निघाले. निष्कर्ष 2014 मध्ये आले, चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करण्याची लबाडी कंपनीने कबूल केली ती 2015 मध्ये. पकडायला निघालेलं तिथे कोणी नव्हतं, हे मला या प्रकरणात सगळ्यात आवडतं.

इथेनॉलवाले आणि बॅटरीवाले एकमेकांशी भांडतात तेव्हा मी दोघांना 'गेली कुठे' हाच हिशेब विचारते. इथेनॉलच्या लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, शिवाय पीक कुठल्या जमिनीवर, कुणाच्या पाण्यावर? विजेच्या गाडीला धुराडं नाही, पण वीज कशातून आली? आणि टायर झिजून त्यांचे कण उडतातच.

तुमचं रसायनशास्त्र इथे भरपूर उपयोगी पडेल. जोडीला संख्याशास्त्र पक्कं करा आणि जीवनचक्र विश्लेषण, म्हणजे वस्तू बनण्यापासून टाकून देईपर्यंतच्या घाणीचा हिशेब, शिकून घ्या. प्रकल्पाचा विषय ठरला नसेल तर टायरच्या कणांचा विचार करा. तिथे मोजायच्या पद्धतीच अजून घडताहेत, आणि चिमटा मात्र तोच लागतो.