विंडोज ११ टाकताना एसएसडी यादीत दिसतच नाही, काय करावं?

आधी बायोस (लॅपटॉप सुरू होताना उघडणारा मूळ सेटिंगचा पडदा) उघडा. तिथं एसएसडी दिसत असेल तर ती बहुतेक ठणठणीत आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची बायोसमधली सोय) चालू असतं आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखणारं सॉफ्टवेअर, नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आयआरएसटी (इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) ड्रायव्हर घ्या, एक्सट्रॅक्ट करून पेनड्राइव्हवर टाका आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो फोल्डर दाखवा. ईएक्सई फाइल तशीच टाकली तर उपयोग नाही, सेटअपला आतली आयएनएफ फाइलच लागते. व्हीएमडी बंद करूनही भागतं; पण जुनी विंडोज ठेवायची असेल तर ते अजिबात करू नका, ती बूटच होणार नाही.

बायोसमध्येही दिसत नसेल तर बॅटरीची जोडणी सोडवून एसएसडी काढा. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत पिना काळवंडू शकतात; खोडरबर हलक्या हातानं फिरवा, परत घट्ट बसवा.