संशोधनही हवं, उद्योगही हवा

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संशोधन सोडवत नाही, पण उद्योगातही काम करायचं आहे. परदेशी विद्यापीठं आणि कंपन्या मिळून चालवतात त्या प्रकल्पांत शिरायचं तर आधी पीएच.डी. करू की थेट एमबीए?

उत्तर : एमबीए आत्ता नको. असं काम अडतं ते बहुतेकदा तांत्रिक कागदावर. तो कागद ज्याला वाचता येत नाही, त्या समन्वयकाला दोन्ही बाजू विचारेनाशा होतात.

उदाहरण घे. संशोधक कंपनीला लिहितो, ‘उत्तम निर्वात कक्ष (आतली हवा काढून घेतलेला बंद कक्ष) हवा.’ अभियंत्याला यातून काहीच कळत नाही. दाब 10⁻⁹ मिलिबार हवा का? तो कक्ष आतला ओलावा घालवायला 150 अंश सेल्सिअसला 24 तास तापवल्यानंतरचा की आधीचा? हेलियमने गळती तपासायची कुणी, कारखान्याने की प्रयोगशाळेने? एवढं लिहिलं नाही, तर कक्ष येतो, दाब 10⁻⁷ वर, म्हणजे शंभरपट जास्त, अडतो आणि चूक कुणाची यावर महिने जातात.

सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या एलएचसी या बोगद्यातल्या 27 किलोमीटरच्या कण-टक्कर यंत्रासाठी कणांना वळवणारे 1232 द्विध्रुवी चुंबक फ्रान्स, जर्मनी आणि इटलीतल्या उत्पादकांनी जोडले. अतिवाहक (अतिथंड असताना विरोधाशिवाय वीज नेणारी) केबल सर्नने पुरवली. कंपन्यांनी आराखड्याबरहुकूम बांधणी करायची आणि चुंबक नीट चालण्याची जोखीम सर्नची, अशी वाटणी होती. प्रत्येक चुंबक सर्नमध्ये 1.9 केल्विनपर्यंत (सुमारे उणे 271 अंश सेल्सिअस) थंड करून तपासला गेला. तरी 19 सप्टेंबर 2008 ला यंत्र बंद पडलं, ते दोन चुंबकांमधल्या विजेच्या सांध्यामुळे. चुंबक थंड ठेवणारा हेलियम बोगद्यात सुटला आणि दुरुस्तीला वर्षाहून जास्त लागलं. तुला ज्या कामात उतरायचं आहे, ते असे सांधे सांभाळण्याचंच आहे.

म्हणून पीएच.डी. कर, पण दोन्हीकडे पाय असलेली. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी या संशोधन-अनुदान योजनेत औद्योगिक डॉक्टरेट असते. तिच्यात किमान निम्मा काळ विद्यापीठाबाहेर, म्हणजे बहुधा कंपनीत जातो आणि मार्गदर्शकही दोन्हीकडचे असतात. राष्ट्रीयत्वाची अट नाही. अनुदान प्रकल्पाला मिळतं, त्यामुळे प्रत्येक जागेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. जाहिराती युराक्सेस या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या युरोपीय पोर्टलवर येतात. एक अट मात्र अनेकांना नडते : भरतीच्या आधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांहून जास्त वास्तव्य किंवा मुख्य काम झालेलं नसावं. आधी तिकडे दुसरं एम.एस्सी. करू, मग अर्ज करू, असा बेत असेल तर त्याच देशाची दारं बंद होतात.

सही करण्याआधी करारातलं प्रकाशनाचं कलम वाच. कंपनीला प्रबंध किंवा लेख छापण्याआधी तपासायला 30 किंवा 60 दिवस दिलेले असतील तर ठीक. मुदतच नसेल तर लेख अडकून पडेल. पेटंट घ्यायचं असेल तर परिषदेतल्या साध्या पोस्टरचाही विचार आधी करावा लागतो. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केल्यावरही वर्षभराची सवलत मिळते, युरोपात पोस्टर लागलं की पेटंटला लागणारं नावीन्य गेलं. लेसर किंवा संवेदक लष्करी उपयोगाचा असेल तर निर्यात परवान्याचंही विचारून घे.

या वर्षी एवढं कर : तुझ्या प्रकल्पातलं एखादं उपकरण बाहेरून करून घ्यायचं आहे असं धरून दोन पानी तपशीलपत्र लिही. प्रत्येक आकड्यापुढे चालणारी कमी-जास्त मर्यादा आणि मोजण्याची पद्धत हवी. ते कार्यशाळेतल्या तंत्रज्ञाला वाचायला दे आणि तो जिथे जिथे प्रश्न विचारेल, तिथे खूण कर.