उसात दिसला तो 'वाघ' की 'बिबट्या'?

प्रश्न असा आला आहे. संगमनेर तालुक्यातल्या गावाहून चुलत्यांचा फोन आला, "मळ्यात वाघ दिसला." शहरात वाढलेला पुतण्या म्हणाला, "काका, वाघ नसेल, बिबट्या असेल." त्यावर चुलते म्हणाले, "मग मी दुसरं काय सांगतोय?" पुतण्याची विचारणा आहे की बिबट्याला वाघ म्हणणं चूक आहे का, बिबट, बिबट्या आणि बिबळ्या यांतलं बरोबर रूप कोणतं, आणि घरातले काही जण 'चित्ता' म्हणतात ते चालेल का.

तुमच्या चुलत्यांचं मराठी बरोबर आहे. नगर, नाशिक, पुणे, सातारा या पट्ट्यातल्या गावांत 'वाघ' हे एका प्राण्याचं नाव कमी आणि एका जातकुळीचं नाव जास्त आहे. शेळी, कालवड, कुत्रं उचलून नेणारं मांजरकुळातलं मोठं जनावर म्हणजे वाघ. त्यातला कोणता, हे सांगायची वेळ आली की मागे विशेषण लागतं: पट्ट्याचा वाघ, ढाण्या वाघ, बिबट्या वाघ. रत्नागिरीत नुसतं 'आंबा' म्हटलं की हापूसच समजतात, वेगळा असेल तर रायवळ, पायरी असं सांगतात. जे जवळ आहे, नेहमीचं आहे, त्याला विशेषण लागत नाही. संगमनेर-अकोले भागात नेहमीचा वाघ ठिपक्यांचा, म्हणून तिथे त्याला नुसतं 'वाघ' म्हटलं तरी कुणाचा गोंधळ होत नाही.

ही सवय आजची नाही. 'व्याघ्र'चं प्राकृतात 'वग्घ' झालं आणि त्यापुढे मराठीत 'वाघ'. संस्कृतात ठिपकेवाल्यासाठी 'द्वीपिन्' असा खास शब्द होता, अंगावर बेटांसारखे डाग असलेला तो. तरीही अमरकोशात 'शार्दूलद्वीपिनौ व्याघ्रे' अशी ओळ आहे, म्हणजे कोशकारानेच द्वीपिन् व्याघ्राच्या घरात बसवला आहे. दोघांना एका नावाखाली आणणं हे अडाणीपण असेल, तर ते अमरसिंहापर्यंत मागे न्यावं लागेल. गुजरातीत तोच द्वीपिन् 'दीपडो' होऊन स्वतंत्र राहिला. बंगालीत बिबट्याला 'चिताबाघ' म्हणतात, बाघ सुटलेला नाही. तेलुगूत पट्टेवाला 'पेद्द पुली' आणि ठिपकेवाला 'चिरुत पुली', दोघांतही पुली आहेच. सगळ्यांत बोलकं उदाहरण तमिळ आणि मलयाळमचं. 'पुली' हा एकच शब्द तमिळमध्ये पट्टेवाल्या वाघासाठी, आणि शेजारच्या मलयाळममध्ये बिबट्यासाठी. मलयाळीत पट्टेवाल्यासाठी 'कडुवा' हा वेगळाच शब्द आहे. यात कोणी चुकलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या रानाप्रमाणे वाटणी केली आहे.

मराठीच्या आतही तशीच वाटणी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे दोन्ही प्राणी शेजारी राहतात. तिथला माणूस 'वाघ' म्हणतो तेव्हा पट्टेवालाच म्हणतो, आणि बिबट्याला वेगळं 'बिबट' म्हणतो. दोन धोके वेगळे असले की दोन शब्द लागतातच. पश्चिमेकडच्या ऊसपट्ट्यात हा प्रश्नच उरला नव्हता. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ आणि १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज निघाला, आणि वाघांपैकी बहुतेक सगळे विदर्भात आहेत. बिबट्या मात्र शेतातच घर करून राहतो. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या खोऱ्यात, जिथे म्हणण्यासारखं जंगल नाही अशा शेतीच्या भागात, कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ मोठे बिबटे निघाले. पुढच्या वर्षीच्या निबंधात त्यांच्या खाण्याचा हिशेब आहे: वजनाने पाहिलं तर सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा. इतक्या शेजारच्या प्राण्याला लोकांनी आपला जुना, हाताशी असलेला शब्द दिला, हे स्वाभाविकच आहे.

पण म्हणूनच शहरात बसून गावाच्या तोंडचा 'वाघ' आपोआप 'बिबट्या' करणं मला धोक्याचं वाटतं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. टिपेश्वरचाच आणखी एक वाघ २०२४ च्या अखेरीस धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात दिसला. अशा वेळी तिथून जवळच्या बार्शीकडचा शेतकरी "वाघ आलाय" म्हणाला आणि ऐकणाऱ्याने मनात दुरुस्ती करून घेतली, तर खरी बातमीच पुसली जाईल. दुरुस्ती करण्यापेक्षा विचारावं: "पट्टे होते का ठिपके?" गावातला माणूस त्याचं उत्तर लगेच देतो, कारण भेद त्याला ठाऊकच असतो.

आता रूपांकडे. 'बिबट्या' आणि 'बिबळ्या' ही मुळात विशेषणाच्या वळणाची रूपं आहेत. 'बिबट्या वाघ' असा जोडशब्द अजून ऐकू येतो. त्यातला 'वाघ' गळाला आणि विशेषणच नाम झालं. बैलाला ढवळ्या-पवळ्या म्हणतात, तोच हा 'या'. 'बिबळ्या' शिकारीच्या आणि रानावनाच्या जुन्या लेखनात जास्त भेटतो, 'बिबट्या' बोलण्यात आणि बातम्यांत. दोन्ही शुद्ध. 'बिबट' हे आटोपशीर रूप सरकारी कागदांनी आणि वन विभागाने रुळवलं; जुन्नरजवळ माणिकडोहला जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी जे केंद्र आहे त्याच्या नावातही 'बिबट'च आहे. विदर्भात ते बोलण्यातलंही रूप आहे, त्यामुळे त्याला कागदी म्हणून हिणवू नये.

फक्त एक पथ्य पाळावं. 'वाटाड्या'चं अनेकवचन 'वाटाडे' होतं, तसं 'बिबट्या'चं 'बिबटे': दोन बिबटे, बिबट्याने, बिबट्यांना. 'बिबट' धरलं तर दोन बिबट, बिबटाने, बिबटांना. एका बातमीत वर 'बिबटाने' आणि खाली 'बिबट्याला' असं वाचलं की दोन वेगळे प्राणी आहेत की काय असं वाटतं. एक रूप निवडावं आणि शेवटपर्यंत तेच ठेवावं. मादीसाठी मात्र मराठीने सोय केलेली नाही. वाघाची वाघीण होते, बिबट्याची 'बिबटीण' रुळली नाही. 'बिबट्याची मादी' किंवा 'मादी बिबट' असंच म्हणावं लागतं. हा शब्द नाम म्हणून अजून कोवळा आहे, याची ती खूण.

'वाघ' किती जुना आणि किती खोल आहे ते नावांत दिसतं. वाघोली, वाघबीळ ही गावं, वाघजाई ही देवी, वाघ, वाघमारे, वाघमोडे, वाघचौरे ही आडनावं, खंडोबाचा वाघ्या. ठाणे-पालघरच्या वारल्यांचा वाघोबा लाकडावर किंवा दगडावर कोरलेला असतो. अकोले, इगतपुरीकडे महादेव कोळी आणि ठाकर गुराखी अश्विन वद्य द्वादशीला, आपण वसुबारस करतो त्याच दिवशी, वाघबारस करतात. त्या पूजेतला वाघ पट्ट्यांचा की ठिपक्यांचा हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. गुरांना सांभाळ, एवढंच मागणं असतं. बिबट्याच्या नावाचं गाव किंवा देव माझ्या पाहण्यात आलेलं नाही. मावळात आणि साताऱ्याकडे आणखी एक सुरेख शब्द आहे, 'वाघरू'. पाखरू, वासरू, कोकरू, लेकरू यांच्या पंगतीतलं हे नपुंसकलिंगी रूप, आकाराने लहान असा वाघ. "झाडीत वाघरू बसलंय" या वाक्यात बिबट्याचा आकारही आला आणि सांगणाऱ्याची जवळीकही. हा शब्द प्रमाण लेखनात यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

'चित्ता' मात्र नको. मुळात तो 'चित्रक'पासून आला, अर्थ ठिपकेदार, त्यामुळे घोटाळा जुना आहे आणि बंगालीत तर तो बिबट्याच्या नावातच जाऊन बसला. पण मराठी मुलखात चित्ता हा वेगळा, ओळखीचा प्राणी होता. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते बाळगले जात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारध्यांच्या पोटविभागांत 'चिता पारधी' असं नाव आजही आहे. चित्त्याला शिकवून शिकार करणाऱ्यांचं ते नाव. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले. संगमनेरच्या उसात चित्ता असण्याचा प्रश्न नाही. 'वाघ'मध्ये बिबट्या सामावतो, 'चित्ता'मध्ये सामावत नाही. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडाकडे काळी रेघ उतरते. बिबट्याच्या अंगावर मध्ये पोकळ अशी वर्तुळं असतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण या फोनमध्ये मला सर्वांत मोलाचं वाटतं ते क्रियापद. गावाकडच्या बोलण्यात पाहिलेलं, ऐकलेलं आणि ताडलेलं वेगळं ठेवण्याची व्यवस्था आहे. "वाघ दिसला" म्हणजे सांगणाऱ्याने पाहिला. "वाघ दिसला म्हणे" म्हणजे दुसऱ्याने सांगितला. "वाघानंच नेली असणार" म्हणजे शेळी गेली, ठसे किंवा फरफटल्याची खूण आहे, बाकी तर्क. एका 'म्हणे'मध्ये केवढी जबाबदारी आहे! हाच मजकूर मोबाइलवरून पुढे जाताना पहिल्यांदा गळतो तो 'म्हणे', आणि रात्रीत तीन गावांत वाघ 'दिसलेला' असतो. वार्ताहर 'बिबट्यासदृश प्राणी' लिहितात. शब्द जड आहे, पण त्यातला सावधपणा प्रामाणिक आहे. मला त्याहून "बिबट्या दिसल्याचं एका शेतकऱ्याने सांगितलं" हे सरळ वाक्य आवडेल. 'बिबट्याचे दर्शन' हा मथळा मला खटकतो, कारण ज्याच्या गोठ्यातली कालवड गेली त्याने दर्शन घेतलेलं नसतं.

रात्री तर नावही टाळतात. 'जनावर' म्हणतात, 'मोठं जनावर' म्हणतात. याच 'जनावर'चा अर्थ घरात साप निघाल्यावर साप असा होतो, म्हणून संदर्भ धरूनच ऐकावं लागतं. 'पट्टे होते' एवढ्यावरही लगेच पट्टेवाल्या वाघापर्यंत जाऊ नये, कारण त्याच माळावर तरसही फिरतं आणि तरसाच्या अंगावरही पट्टे असतात. अमरकोशात व्याघ्राच्या लगेच पुढे 'तरक्षु' येतो, तोच आपला तरस. पाठ मागच्या बाजूला उतरती होती का, मानेवर आयाळीसारखे केस होते का, ठशात नखं उमटली आहेत का, हे विचारावं. वाघ-बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतात; तरस, कुत्रा, लांडगा यांची नखं मातीत उमटतात. आणि वन विभागाला कळवायचं असेल तर १९२६ या क्रमांकावर आधी पाहिलेलं सांगावं, नाव नंतर.

पिल्लांच्या बाबतीत शब्दाची निवड सगळ्यांत महत्त्वाची ठरते. ऊसतोडीच्या दिवसांत फडात पिल्लं सापडली की 'बिबट्याचे बछडे' अशी बातमी होते. 'बछडा' हिंदीतून आला आणि तिकडे तो गाईचा असतो. मराठीत 'पिल्लू' आहे, 'बच्चा' आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती पिल्लं बिबट्याची असतीलच असं नाही. रानमांजर आणि वाघाटीही उसात पिल्लं घालतात. आषाढी द्वादशीला उपास सोडताना ज्या वेलीच्या फळांची भाजी करतात तीही वाघाटीच, पण इथली वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढली तरी वजन दीड किलोच्या आसपास. तिच्या ठिपक्यांमुळे तिची पिल्लं बिबट्याची समजून लोक घरी उचलून आणतात. पिल्लं कुणाचीही असोत, जागेवर राहिली तर आई बहुधा अंधार पडल्यावर येऊन घेऊन जाते. तेव्हा फडातून फोन आला तर काकांना सांगा: पिल्लांना हात लावू नका, तोड तेवढ्या भागापुरती थांबवा आणि वनरक्षकाला बोलवा.