सोलापुरात बीएस्सी करताना खगोलशास्त्रातील संशोधनाची तयारी कशी करावी?

आपला प्रश्न असा आहे की, सोलापुरात बीएस्सी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुढे खगोलशास्त्रात संशोधन करायचे असेल, तर त्या विषयाचा स्वतंत्र विभाग असलेले विद्यापीठ शोधावे की भौतिकशास्त्रातच एमएस्सी करावी. मी एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून रेडिओ दीर्घिकांवर (रेडिओ लहरी तीव्रतेने उत्सर्जित करणाऱ्या दीर्घिकांवर) पीएचडी केली असून सध्या सोलापुरातील एका महाविद्यालयात शिकवतो. माझ्या मते भौतिकशास्त्र सोडू नये, आणि पीएचडीच्या वेळी विभागाच्या नावापेक्षा मार्गदर्शक कोणत्या प्रश्नावर काम करतात हे पाहावे.

खगोलशास्त्राचे स्वतंत्र विभाग आपल्या देशात मोजकेच आहेत. त्यांतला एक हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात असून त्याची परंपरा निझामिया वेधशाळेपर्यंत मागे जाते; पुणे आणि हैदराबाद या दोन्ही शहरांना जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आपण असल्याने सोलापूरकरांना ही दोन्ही शहरे सारखीच सोयीची. तरीही बहुतेक संशोधक भौतिकशास्त्रातूनच येतात, कारण ताऱ्यांचे वर्णपट समजण्यासाठी पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आणि रेडिओ उत्सर्जन समजण्यासाठी विद्युतचुंबकीय सिद्धान्त पक्का लागतो. एमएस्सीला खगोलभौतिकी ऐच्छिक विषय म्हणून मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास फारसे अडत नाही.

विद्यापीठाच्या विभागाकडे स्वतःची मोठी दुर्बीण नसते, मग संशोधन कसे होणार, ही शंका बहुतेकांना येते. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत, आणि तेथील निरीक्षणवेळ प्रस्तावाच्या गुणवत्तेवर दिली जाते. प्रस्ताव पाठवणारा मोठ्या संस्थेतला आहे की छोट्या विभागातला, यावर ती अवलंबून नसते. शिवाय जुनी निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. विद्यापीठांतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना अशा सुविधांपर्यंत पोहोचता यावे, याच हेतूने १९८८ साली पुण्यात जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका (आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र) ही संस्था उभी राहिली.

प्रत्यक्ष काम मात्र आकाशदर्शनाच्या हौशीपेक्षा फार वेगळे आहे, हे आधीच माहीत असलेले बरे. जीएमआरटीच्या निरीक्षणात आपल्या दीर्घिकेच्या आगेमागे ३सी २८६ किंवा ३सी ४८ यांसारख्या ज्ञात तीव्रतेच्या स्रोताकडे, आणि मधूनमधून जवळच्या दुसऱ्या एखाद्या स्रोताकडे अँटेना वळवतात. त्यावरून प्रत्येक अँटेनाची संवेदनशीलता आणि लहरींची कला (फेज) यांतील चढउतार काढता येतो. मिळालेल्या आकड्यांत मानवनिर्मित रेडिओ संदेशांची भेसळ असते, ती शोधून वगळावी लागते. कमी वारंवारतेला आयनांबरही (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) त्रास देते, त्यामुळे कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात स्रोतांवरून केलेली ही दुरुस्ती, पुन्हापुन्हा करावे लागते. एका प्रतिमेमागे संगणकासमोरचे कित्येक आठवडे जातात. (रेडिओवाल्यांची एक चैन म्हणजे पावसाळी ढगांनी निरीक्षण थांबत नाही, गिरवलीच्या दृश्यप्रकाशाच्या २ मीटर दुर्बिणीवर काम करणाऱ्यांना ही चैन नाही.)

संशोधन संस्थेत फेलोशिप, संगणक आणि चर्चा सहज मिळतात, हे खरे आहे. विद्यापीठात नेट-जेआरएफ (राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी फेलोशिप) असल्यास आर्थिक प्रश्न बराच सुटतो, पण चर्चेसाठी माणसे स्वतः शोधावी लागतात, आणि विभागात या विषयाचे एकच प्राध्यापक असतील तर त्यांच्या आयुकाच्या भेटींत आपणही सोबत जाणे महत्त्वाचे ठरते.

तुम्ही सध्या लिनक्स आणि पायथन शिकायला घ्या, आयुका व एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी पुण्यातील संस्था) यांच्या सुट्टीतील विद्यार्थी कार्यक्रमांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा आणि एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी नेट व जेस्ट (संशोधन संस्थांतील पीएचडी प्रवेशाची परीक्षा) या दोन्ही परीक्षा द्या. मार्गदर्शकांना पत्र पाठवण्यापूर्वी त्यांचा एक तरी अलीकडचा शोधनिबंध वाचा आणि त्यातले काय कळले नाही, ते पत्रात विचारा. नुसत्या गुणपत्रिका जोडलेल्या पत्रांना सहसा उत्तर येत नाही.