बाग-सल्ला: थंडीत तगणारी रोझमेरी

प्रश्न: आम्ही अमेरिकेत न्यू जर्सी येथे राहतो. अंगणात लावलेली रोझमेरी सलग दोन हिवाळ्यांत मेली. तेथे ती बारमाही टिकू शकेल का?

उत्तर: टिकू शकेल, मात्र वाण पारखून घ्यावा. टेक्सासमधील आर्प गावी 1972 मध्ये आढळलेला ‘आर्प’ हा वाण, मुळांशी पाणी साचत नसेल, तर उणे 20 अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडीही बहुधा सोसतो. साध्या वाणांकडून ती अपेक्षा करू नये. माझ्या मते अशी झाडे नुसत्या थंडीपेक्षा ओल्या, गारठलेल्या मातीनेच अधिक दगावतात. म्हणून दक्षिणेकडील भिंतीलगत, दिवसभर ऊन मिळेल अशा जागी, खडी मिसळलेल्या उंचवट्यावर वसंत ऋतूतच रोप लावावे, म्हणजे हिवाळ्यापूर्वी मुळे खोल जातात. शरद ऋतूत छाटणी करू नये, कारण त्यानंतर फुटणारे कोवळे शेंडे हिमाने करपतात. छाटताना पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत जाऊ नये. तेथून सहसा नवी फूट येत नाही.

हिवाळ्यानंतर झाड तपकिरी दिसले, तरी उपटण्याची घाई करू नका. मे अखेरीस साल नखाने किंचित खरवडून पाहा. आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे.