पेशकश: पुढे ओढलेली

प्रश्न असा: ‘जुन्या प्रवासवर्णनात परदेशी पाहुणा घोड्याची स्तुती करतो आणि इराणी यजमान लगेच “पेशकश” म्हणतो. हा आपलाच शब्द का? आणि “प्रस्ताव” या अर्थी तो मराठीत चालेल का?’

शब्द आपलाच. पण ‘दिवाळीची खास पेशकश’ ऐकलं की माझं डोकं उठतं. ही हिंदी जाहिरातींची उसनवारी आहे. मराठी कागदपत्रांत पेशकश म्हणजे मांडलिकाने वरिष्ठाला भरायची खंडणी किंवा नजराणा. दुकानदार गिऱ्हाईकाला पेशकश कशी देईल?

खरी गंमत ‘कश’मध्ये आहे. फारसी ‘कशीदन’ म्हणजे ओढणे. दोरा ओढून भरतात तो कशिदा, विडीचा ओढतात तो कश, आणि कशमकश म्हणजे चक्क ‘ओढ, नको ओढूस’! ‘पेश’ म्हणजे पुढे. पेशवा हाही त्याच घरातला. म्हणून पेशकश म्हणजे पुढे ओढलेली, समोर आणलेली वस्तू.

विल्सन या इंग्रज पंडिताच्या 1855च्या कोशात मात्र पेशकशचा ‘पहिलं फळ’ असा अर्थ आहे, आणि लोक तोच उतरवत बसतात. मला तो साफ अमान्य आहे. विल्सनने ‘पेश’ काळाचा (‘आधी’) धरला, तो जागेचा (‘समोर’) आहे. फारसीत आजही विषय काढण्याला ‘पीश कशीदन’च म्हणतात (‘पीश’ हा ‘पेश’चाच इराणी उच्चार), तिथे कुठलं आलंय फळ? शार्दँ हा फ्रेंच जवाहिऱ्या 17व्या शतकात इस्फहानला राहिला. त्याचं वर्णन वाचा: शहा ‘आली कापू’ या राजवाड्याच्या सज्जात बसलेला, आणि परदेशी राजदूतांनी आणलेल्या भेटी खालच्या मैदानातून त्याच्या नजरेसमोरून मिरवत नेल्या जातात. सफवी, म्हणजे तेव्हाच्या इराणी राजघराण्याच्या, दरबारात त्यांची नोंद ठेवायला पेशकशनवीस नावाचा स्वतंत्र अधिकारीच होता. शब्द असा डोळ्यांपुढून चालत जातो, आणखी काय पुरावा हवा?

फारसी म्हणही आहे, पेशकशीच्या घोड्याचे दात मोजत नाहीत. आपली ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ तिची सख्खी बहीण शोभेल.

हां, तुमचा घोडा राहिलाच. यजमानाचं ते बोलणं म्हणजे ‘तआरोफ’, इराणी शिष्टाचार. आपल्या ‘तारीफ’चा आणि त्याचा अरबी धातू एकच. ‘तुम्हालाच अर्पण’ असं त्याने म्हणायचं आणि पाहुण्याने ‘छे छे, तुमच्याकडेच शोभतो’ म्हणून हात जोडायचे. घोडा तबेल्यातच राहतो.