फंड कुठला ते नंतर. आधी चक्रवाढ तुटणार नाही हे बघा

तुम्ही विचारलंय, "पगार बरा आहे, दहा वर्षं नोकरी झाली, तरी हाताशी काही उरत नाही. कुठल्या फंडात पैसे टाकू?"

फंडाआधी एक भागाकार करा. गेल्या बारा महिन्यांत जेवढं शिल्लक टाकलं, त्याला हातात आलेल्या उत्पन्नाने भागा. उत्तर 10 टक्के आलं, तर एका महिन्याचा खर्च साठवायला तुम्हाला नऊ महिने राबावं लागतं. 25 टक्के आलं, तर तीनच महिने. सुरुवातीच्या वर्षांत रक्कमच लहान असते, त्यामुळे जास्त परताव्यामागे धावून मिळतं त्याहून कितीतरी जास्त हे बचतीचं प्रमाण वाढवून मिळतं. पगार जमा होईल त्याच दिवशी बचत आपोआप वळती होऊ द्या. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं, की उरत नाही. पगारवाढीतला निम्मा भाग थेट बचतीत घाला, म्हणजे खर्चाला त्याची सवयच लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. चक्रवाढीत व्याजावरही व्याज मिळतं. 72 ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायची वर्षं साधारण कळतात. 8 टक्क्यांनी नऊ वर्षं. म्हणजे 1 लाखाचे 27 वर्षांत 8 लाख, आणि 36 वर्षांत 16 लाख. निम्मी रक्कम शेवटच्या नऊ वर्षांत येते! म्हणून गुंतवणूक मध्येच मोडावी लागणं हे सगळ्यात महागात पडतं. त्यातही ती मोडायची वेळ बहुधा वाईटच असते: मंदी येते, नोकरी जाते आणि बाजारही पडलेला असतो. 40 टक्के पडल्यावर मूळ पदावर यायला सुमारे 67 टक्के वाढ लागते, आणि तुम्ही विकून बाहेर पडला असाल तर ती वाढ तुमच्या वाट्याला येतच नाही.

गुंतवणूक मोडावी लागू नये म्हणून सहा महिन्यांचा खर्च बँकेत, केव्हाही काढता येईल असा ठेवा. उत्पन्न अनियमित असेल तर बारा महिन्यांचा. आरोग्य विमा घ्या. कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर टर्म विमाही (ठरावीक मुदतीचा, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) हवाच. विमा आणि गुंतवणूक एकाच पॉलिसीत मात्र नको. त्यात संरक्षण अपुरं मिळतं आणि परतावाही. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना ते कर्ज आपलंच समजून हिशोब करा, कारण थकलं तर ते आपलंच होतं.

कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती. महिना 3 टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षाला ते 42 टक्क्यांच्या वर जातं. कुठलीही गुंतवणूक तेवढं भरवशाने देत नाही. बाकी कर्जांचे ठरलेले हप्ते चालू ठेवा आणि जास्तीचा पैसा सर्वांत महाग कर्जावर लावा.

एवढं झालं की फंड. कमी खर्चाचा, पूर्ण बाजार व्यापणारा इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा) बहुतेकांना पुरतो. खर्चाचा आकडा नीट बघा: 10 टक्के वाढीने 30 वर्षांत पैसे साडेसतरा पट होतात. त्यातून दरवर्षी दीड टक्का खर्चात गेला, तर साडेअकरा पटच. एक तृतीयांश गेलं, आणि ते कुठल्याही पावतीवर दिसत नाही.

100 रुपयांत शेअर 60 आणि रोखे (सरकारला किंवा कंपनीला व्याजाने दिलेले पैसे) 40 असं प्रमाण ठरवलंत, असं धरू. वर्षभरात शेअरचे 90 झाले, रोख्यांचे 42. एकूण 132, त्यात शेअर 68 टक्के. पुन्हा 60 टक्क्यांवर यायचं तर 10.8 चे शेअर विकून रोखे घ्यायचे. चढत्या बाजारात हे जिवावर येतं, म्हणून तारीख आधीच ठरवून ठेवा. नवी बचतच मागे पडलेल्या बाजूला वळवून भागत असेल तर अधिक चांगलं, विक्रीवरचा करही वाचतो.

त्याच तारखेला खाती, विमा, कर्जं आणि वारसांची नावं एका कागदावर ताजी करा, आणि तो कुठे ठेवलाय हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.